इंग्रजीचा तास आणि साहित्याची परिभाषा

इंग्रजीच्या वर्गात शिकविल्या जाणाऱ्या साहित्यविषयक संज्ञांचा विचार आमच्याकडे बहुधा परीक्षेच्या अंगाने होतो. वाङ्मयाच्या अंगाने तो क्वचितच झालेला दिसतो. सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन, आयरनी, थीम, टोन, इन्फरन्स ही नावे पणजीपासून ग्वाल्हेरपर्यंत शाळेत जाणाऱ्या बहुतेक मराठी मुलांच्या कानांवरून जातात. कवितेची एक ओळ द्यावयाची, तीतील अलंकार ओळखावयास सांगावयाचे, त्याचे स्पष्टीकरण एका वाक्यात मागावयाचे आणि त्या वाक्याचा साचा मार्गदर्शक पुस्तकातून आगाऊ पुरवावयाचा, ही रीत इतकी रुळली आहे की तीत काही विपरीत आहे असे कोणास वाटतही नाही. विद्यार्थी अलंकाराचे नाव बिनचूक सांगतो. मात्र त्या अलंकारामुळे कवितेचे काय झाले, हे विचारले की तो गप्प बसतो.

या दुखण्यावर दोन उपाय सुचविले जातात आणि आमच्या मते ते दोन्ही चुकीचे आहेत. काही शिक्षक म्हणतात, संज्ञा आणखी नेटाने घोकून घ्याव्या. काही रसिक म्हणतात, संज्ञा अजिबात नकोत. कविता वाचावी आणि आनंद घ्यावा. पहिल्या पक्षाने शब्दाला ज्ञान मानले आहे. दुसऱ्या पक्षाच्या हे ध्यानात येत नाही, की ज्याच्यापाशी शब्द नाहीत त्याची रसिकता ‘छान आहे’ आणि ‘आवडली नाही’ या दोन उद्गारांपलीकडे जाऊ शकत नाही. त्याला कविता कळली असेलही. पण काय कळले ते तो दुसऱ्याला सांगू शकत नाही आणि म्हणून स्वतःचे कळणे पारखूनही पाहू शकत नाही. संज्ञा हवीच. प्रश्न आहे तो ती कोणत्या वेळी द्यावी, कोणत्या कामासाठी द्यावी, आणि मुलाच्या घरी जे आधीपासून आहे त्याच्याशी तिचे नाते जोडावे की नाही, हा.

संज्ञा पाठ असणे आणि वाचता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इंग्लंडातच उघड झालेले आहे. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून टाकलेल्या कविता ठेवल्या, त्यांचे अभिप्राय लेखी घेतले आणि १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात त्यांची छाननी केली. इंग्रजी ज्यांची मायबोली आणि साहित्य ज्यांचा अभ्यासविषय, असे ते तरुण. तरीही वाचनातील अडचणींची यादी करताना रिचर्ड्‌स यांना पहिली अडचण नोंदवावी लागली ती कवितेचा साधा वाच्यार्थ न लागण्याची. ठरीव प्रतिक्रिया देण्याची खोडही त्यांनी त्याच यादीत घातली आहे. केंब्रिजची ही अवस्था, तर ज्या मुलाला इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा आहे त्याच्या हाती केवळ नावांची जंत्री देऊन काय साधणार?

तथापि आमच्या मुलांची स्थिती सर्वस्वी प्रतिकूल आहे असेही नव्हे. एका बाबतीत तर ती इंग्रज मुलांहून बरी आहे. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द ही उपमेची चार अंगे मराठी व्याकरणाच्या तासाला शिकविली जातात. ज्याची तुलना करावयाची ते एक आणि ज्याच्याशी करावयाची ते दुसरे, या दोहोंना वेगवेगळी पक्की नावे असावीत ही गोष्ट आम्हांस सहज वाटते. पण इंग्रजी समीक्षेत अशी जोडी रिचर्ड्‌स यांनीच १९३६ साली ‘टेनर’ आणि ‘व्हेइकल’ या शब्दांनी रूढ केली. तोवर एकाच ‘मेटॅफर’ या शब्दाने कधी संपूर्ण अलंकार तर कधी नुसते उपमान दाखविले जाई. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत येता येता ती संख्या शंभरावर गेली. एवढी सूक्ष्म वाटणी ज्या परंपरेने केली तिचा वारस असलेला मुलगा इंग्रजीच्या तासाला मात्र अगदी रिकाम्या हातांनी बसतो. मराठीच्या तासाला शिकलेली उपमा आणि इंग्रजीच्या तासाला शिकलेली सिमिली या एकाच कुळातील आहेत, हे त्याला दोहोंपैकी एकही शिक्षक सांगत नाही.

सांगावयाचे तर ते सावधपणाने सांगितले पाहिजे. कोशात एका शब्दापुढे दुसरा शब्द मांडला म्हणजे दोन परंपरा जुळल्या असे होत नाही. सिमिलीची खूण म्हणून ‘लाइक’ आणि ‘अॅज’ हे दोन शब्द मुलाला दिले जातात. त्याने ‘तो बापासारखा दिसतो’ या वाक्यातही सिमिली शोधली, तर तो दोष मुलाचा नव्हे. माणसाची माणसाशी केलेली ही सरळ तुलना. तीत अलंकार नाही. अलंकाराला दोन विजातीय वस्तू लागतात आणि त्यांच्यात अवचित दिसलेले साम्य लागते. उलट ‘जणू’ने येणारी उत्प्रेक्षा आमच्या व्याकरणात स्वतंत्र अलंकार आहे. उपमेत दोन वस्तू वेगळ्या राहून सारख्या ठरतात. उत्प्रेक्षेत एक वस्तू दुसरीच असावी अशी कल्पना मन करू लागते. इंग्रजी वर्गात या दोन्ही बहुधा सिमिलीच्या एकाच खणात पडतात. ज्या मुलाला हा भेद मराठीत दिसला आहे तो इंग्रजी कवितेत तो पाहू शकेल. फक्त त्याला तसे करावयास कोणी मोकळीक दिली पाहिजे.

मेटॅफर आणि रूपक यांचे प्रकरण याहून नाजूक आहे. रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही उपस्थित असतात आणि त्यांचा अभेद सांगितलेला असतो. इंग्रजीतील मेटॅफर याहून ऐसपैस आहे. उपमेयाचा उच्चारही न करता नुसते उपमान पुढे केले, तरी तो मेटॅफरच. आमच्या शास्त्रकारांनी मात्र याला रूपक म्हटलेले नाही. उपमानाने उपमेय गिळून टाकले की ती अतिशयोक्ती, असे मम्मटाने काव्यप्रकाशात म्हटले आहे. पण शालेय व्याकरणात अतिशयोक्ती म्हणजे एखादी गोष्ट फुगवून सांगणे, अर्थात इंग्रजीतील हायपरबोली, एवढाच अर्थ उरला आहे. तेव्हा मेटॅफर म्हणजे रूपक, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, असे दोन सरळ रकाने आखणारा शिक्षक मुलाला अर्धेच सांगतो. हा घोटाळा मुलापासून लपविण्याचे कारण नाही. दोन भाषांनी एकच प्रदेश वेगवेगळ्या बांधांनी वाटून घेतला आहे, हे कळणे हाच एक धडा आहे.

बांध वेगळे असले की नावेही वेगळे काही दाखवितात. पर्सॉनिफिकेशनला आम्ही चेतनागुणोक्ती म्हणतो, इंदूर-ग्वाल्हेरकडचा मुलगा हिंदीच्या तासाला मानवीकरण म्हणतो, आणि वडोदऱ्याचा मुलगा गुजरातीत सजीवारोपण ऐकतो. वरवर पाहता हे तीन पर्याय आहेत. नीट पाहता ही तीन निरीक्षणे आहेत. एकाने अचेतनाला चेतनेचा गुण दिला, दुसऱ्याने त्याला माणूस केले, तिसऱ्याने त्याच्यावर जीव आरोपित केला. वारा गुरगुरला तर जीव आला, पण माणूस आला नाही. वारा हट्टाने दार ठोठावू लागला तर माणूस आला. कवितेतील एखाद्या ओळीला या तिघांपैकी कोणते नाव नेमके बसते, असे वर्गात विचारून पाहावे. ज्या मुलांच्या घराबाहेर दुसरी भाषा बोलली जाते, त्यांच्यापाशी हे साहित्य फुकटात उपलब्ध आहे. बेळगावच्या मुलाला तर कानडीतही उपमा आणि रूपक हेच शब्द भेटतात. नवव्या शतकातील ‘कविराजमार्ग’ हा कानडी ग्रंथ दंडीच्या काव्यादर्शाला अनुसरूनच लिहिला गेला. सीमेवरचा माणूस पाटीवरील अक्षरांवरून भांडतो, पण अलंकारांची नावे दोन्ही बाजूंना सामाईक आहेत, हे आम्हांस विशेष वाटते.

आता संज्ञा कामाला लावल्या म्हणजे काय होते ते एका परिचित कवितेवरून पाहू. वर्डस्वर्थची डॅफोडिल फुलांवरील कविता पिढ्यान्‌पिढ्या आमच्या मुलांनी वाचली. हे फूल आमच्याकडच्या किती मुलांनी पाहिले असेल, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. परीक्षेचे उत्तर ठरलेले आहे: आरंभी स्वतःची ढगाशी तुलना, म्हणून सिमिली, फुले नाचतात, म्हणून पर्सॉनिफिकेशन, फुले दहा हजार, म्हणून हायपरबोली. तीन नावे, तीन गुण, आणि कविता संपली.

वास्तविक ती येथून सुरू होते. ढगच का? ढग एकटा असतो, उंचावरून जातो, त्याला कोठे पोहोचावयाचे नसते आणि खालच्या जगाशी त्याचा संबंध नसतो. अशा निःसंग माणसाच्या दृष्टीला एकाएकी गर्दी पडते, तीही फुलांची. उपमेने एकटेपण उभे केले नसते, तर त्या गर्दीला अर्थ आला नसता. पुढे नाचणारी फक्त फुलेच नाहीत. लाटाही नाचतात, आणि शेवटच्या कडव्यात कवीचे अंतःकरण नाचू लागते. म्हणजे चेतनागुणोक्ती ही एका ओळीची सजावट नव्हे. ती फुलांपासून माणसापर्यंत चालत येते, आणि आरंभीचे एकटेपण शेवटी सुखाचा एकांत होऊन बसते. तिसऱ्या कडव्यात कवी म्हणतो की या दृश्याने आपल्याला केवढी संपत्ती दिली हे त्या क्षणी आपल्याला उमगले नव्हते. हा संपत्तीचा मेटॅफर कवितेचा कणा आहे, आणि मार्गदर्शकांचा डोळा नेमका याच्यावरून घसरतो. १८०७ च्या पहिल्या छापील पाठात कवीने आरंभी फुलांना नाचरी म्हटले होते. १८१५ मध्ये कविता सुधारताना तेथे सोनेरी हे विशेषण आले आणि ताऱ्यांचे संपूर्ण कडवे नव्याने जोडले गेले. सोने आधी आले म्हणून पुढची संपत्ती अधिक शोभते, असे आम्हांस वाटते.

आणखी एक गोष्ट. १५ एप्रिल १८०२ रोजी ही फुले पाहिली तेव्हा वर्डस्वर्थ एकटा नव्हता. बहीण डॉरथी बरोबर होती, आणि तिच्या रोजनिशीत थकून दगडांवर माना टेकणारी आणि वाऱ्यासंगे हसणारी फुले आधीच आहेत. कवितेतला ‘मी’ आणि तिचा कर्ता कवी यांत भेद करावा, हे तत्त्व इंग्रजी वर्गात ‘स्पीकर’ या संज्ञेने शिकविले जाते आणि मुले ते निमूटपणे लिहून घेतात. या एका उदाहरणाने ते न विसरण्याजोगे होते. कवितेला एकटेपण हवे होते, म्हणून बहीण कवितेतून वगळली गेली.

आयरनी ही संज्ञा आमच्या मुलांना सर्वांत अवघड जाते. तिच्यापुढे उपरोध लिहावा तर ती अपुरी पडते; व्याजस्तुती लिहावे तर आणखी अपुरी. शेक्सपिअरच्या ‘ज्यूलिअस सीझर’ नाटकात तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात अँटनी सीझरच्या प्रेतापाशी बोलतो. कटवाल्यांना दोष द्यावयाचा नाही या अटीवर ब्रूटसने त्याला ही परवानगी दिलेली आहे. म्हणून तो ब्रूटसला वारंवार आदरणीयच म्हणत राहतो. व्याजस्तुतीत स्तुतीआडची निंदा ऐकणाऱ्याला त्याच घटकेस कळते. येथे तसे नाही. पहिल्या वेळी तो शब्द खराच वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो शंका उत्पन्न करतो, आणि शेवटी जमावच तो शब्द शिवीसारखा उच्चारतो. शब्द बदललेला नाही. ऐकणारे बदलले आहेत. ही वाढ मुलाला पावलापावलाने दाखविली, की आयरनीची व्याख्या त्याला पाठ करावी लागत नाही.

नाटकातील दुसरी आयरनी, जीत प्रेक्षकाला ठाऊक असलेले पात्राला ठाऊक नसते, तिच्यासाठी आमच्या नाट्यशास्त्रातील पताकास्थानकाची आठवण करून द्यावी. भवभूतीच्या उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकात सीता रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपली आहे. तिचा विरह तेवढा असह्य, असे राम म्हणतो न म्हणतो तोच प्रतिहारी येऊन ‘आला आहे’ असे सांगते. ती सांगते दुर्मुखाविषयी; प्रेक्षकाच्या कानांवर मात्र विरहच आल्याची वर्दी पडते. पताकास्थानक आणि ड्रॅमॅटिक आयरनी अगदी एक आहेत असा आमचा दावा नाही. पण ज्याच्या अंगावर हा काटा एकदा उभा राहिला, त्याला त्या इंग्रजी संज्ञेचे मर्म निराळे सांगावे लागणार नाही.

आता आकलनाच्या संज्ञांकडे वळू. अलंकारांच्या मानाने या रूक्ष मानल्या जातात; परंतु मुलाच्या पुढील आयुष्यात याच अधिक उपयोगी पडतात. उतारा कशाविषयी आहे आणि तो काय म्हणतो, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. पहिल्याचे उत्तर एका शब्दात येते. दुसऱ्याला पूर्ण वाक्य लागते. ‘मैत्री’ हा विषय झाला. ‘मैत्री संकटात पारखली जाते’ हे आशयसूत्र झाले. थीम विचारली असता मुले एकच शब्द लिहून मोकळी होतात, कारण थीम हे वाक्य असते एवढी गोष्ट त्यांना सांगितली गेलेली नसते.

इन्फरन्स, म्हणजे लेखकाने न सांगितलेले परंतु सुचविलेले ओळखणे, ही तर आमच्या ध्वनिसिद्धान्ताची जन्मभूमी. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वन्यालोकात व्यंजनेची बाजू मांडली. पुढे मम्मटाने ‘सूर्य मावळला’ एवढ्या साध्या वाक्याचे किती अर्थ निघतात ते दाखविले: गुराख्याला गुरे घरी हाकण्याची वेळ, श्रोत्रियाला संध्येची वेळ, व्यापाऱ्याला दुकान आवरण्याची वेळ, अभिसारिकेला निघण्याची वेळ. वाक्य एक, बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग बदलला की सूचना बदलते. इन्फरन्स आणि कॉन्टेक्स्ट या दोन्ही संज्ञा शिकविण्यास याहून सोपे उदाहरण कोठले आणावयाचे? गोव्यातील मुलाला तर हे उदाहरण ताटातच वाढलेले आहे. त्याच्या कोंकणीत शीत म्हणजे भात, मराठीत शीत म्हणजे भाताचा एक दाणा, आणि संस्कृत पाठात शीत म्हणजे थंड. संदर्भावरून अर्थ लावण्याची विद्या तो रोज जेवताना वापरतो. इंग्रजीच्या तासाला ती नव्याने शिकावी लागते असे मात्र त्याला वाटत राहते. शितावरून भाताची परीक्षा करावी, ही आमची म्हणही अनुमानाचाच धडा आहे.

टोनच्या बाबतीत अडचण खरी आहे. रिचर्ड्‌स यांनी अर्थाचे चार प्रकार सांगितले: वाच्यार्थ, भावना, सूर आणि हेतू. भावना ही विषयाविषयीची वृत्ती आणि सूर ही ऐकणाऱ्याविषयीची वृत्ती, असा भेद त्यांनी केला. शाळेत मात्र टोन म्हणजे कवितेतले वातावरण असे समजून उत्तरे लिहिली जातात. ऐकणाऱ्याविषयीची वृत्ती आम्हांस तू, तुम्ही आणि आपण या सर्वनामांनीच कळते. ‘आलास एकदाचा’ हे आईने म्हटले की एक, मालकाने म्हटले की दुसरे; पण ‘आलात एकदाचे’ म्हटले की त्यात अदबीखालचा टोमणाही येतो. कोंकणीतही तूं आणि तुमी हे काम करतात. इंग्रजीत एकाच सर्वनामावर सारा कारभार असल्याने सूर शब्दांच्या निवडीत आणि वाक्याच्या ठेवणीत शोधावा लागतो. आमचा मुलगा इंग्रजीत सूर ओळखीत नाही, याचे कारण त्याची समज कमी आहे हे नव्हे. त्याला सवय झालेली खूणगाठ त्या भाषेत नाही. हे त्याला कोणी स्पष्ट सांगितले तर तो दुसरी खूण शोधू लागेल.

या साऱ्याचा निष्कर्ष असा. संज्ञा आधी आणि कविता मागून, हा क्रम उलटा केला पाहिजे. मुलाला ओळीत काहीतरी घडलेले जाणवावे, ते त्याने आपल्या शब्दांत, मग ते मराठी असोत की कोंकणी, अडखळत का होईना सांगावे, आणि त्या अनुभवाला नाव म्हणून संज्ञा यावी. ‘हा अलंकार कोणता?’ या प्रश्नापुढे ‘तो काढून टाकला तर काय हरवेल?’ हा प्रश्न नेहमी जोडावा. परीक्षकांनीही पहिल्या प्रश्नाला थोडे आणि दुसऱ्याला अधिक गुण ठेवावेत. वर्षाला तीस संज्ञा उरकण्यापेक्षा दहा संज्ञा अशा रीतीने पचविणे हिताचे. मराठीचा आणि इंग्रजीचा शिक्षक यांनी वर्षारंभी एकदा एकत्र बसून कोणती संज्ञा कोठे जुळते आणि कोठे अडते याची टिपणे करावीत. त्यासाठी द्रव्य लागत नाही, शासनाचा आदेशही लागत नाही.

यात पणाला लागले आहे ते काही गुणांहून मोठे आहे. मायबोलीतील उपमा घरी ठेवून सिमिली घोकणारा मुलगा हळूहळू अशी समजूत करून घेतो की विचार करण्याची भाषा इंग्रजी आणि आपली भाषा नुसती बोलण्याची. मराठी किंवा कोंकणीवर पहिला आघात होतो तो असल्या समजुतीने. राजभाषेचे कायदे आणि फलकांचे वाद मागून येतात. आणि दुर्दैव असे, की इतके देऊन त्याला इंग्रजी कविताही मिळत नाही. तीच मिळाली असती तर निदान सौदा तरी झाला असता. दोन्ही तासांच्या मधली भिंत काढली, तर आमच्या मते त्याला दोन्ही कविता मिळतील. आणि उपमा ही मम्मटाची की रिचर्ड्‌सची, हा प्रश्न त्याला पडणार नाही. तो ती आपली म्हणून वापरील.